शुद्ध हरपलेल्या प्रौढांसाठी पालकत्वाचा कायदा करा : विधिमंडळाच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय : स्वतःचे व्यवहार सांभाळू न शकणाऱ्या प्रौढ व्यक्तींसाठी पालक नेमण्याची जिल्हास्तरावरील तरतूद

सन्माननीय सदस्यहो,

अठरा वर्षे पूर्ण झालेल्या माणसाच्या वतीने सही करण्याचा अधिकार आपल्याकडे कोणालाही आपोआप मिळत नाही. पतीच्या वतीने पत्नीला नाही, आईच्या वतीने मुलाला नाही, भावाच्या वतीने भावाला नाही. हे तत्त्व योग्य आहे आणि ते सैल व्हावे असे मला मुळीच वाटत नाही. प्रौढ माणसाच्या मालमत्तेवर आणि निर्णयांवर केवळ नात्याच्या जोरावर कोणी हक्क सांगू नये, यातच त्याची प्रतिष्ठा आहे. परंतु पक्षाघात, अपघातात डोक्याला झालेली इजा, दीर्घकाळची बेशुद्धावस्था, स्मृतिभ्रंश किंवा तीव्र मानसिक आजार यांमुळे तो माणूस समजून-उमजून होकार किंवा नकार देण्याच्या स्थितीतच राहिला नाही, तर त्याच्या वतीने कोणी, कोणाच्या परवानगीने, कोणत्या मर्यादेत आणि कोणाला हिशेब देऊन व्यवहार पाहायचे, या प्रश्नाचे सलग उत्तर आपल्या कोणत्याही एका कायद्यात मिळत नाही. मी जिल्हा न्यायालयात दिवाणी वकिली करते. हा प्रश्न घेऊन येणाऱ्या कुटुंबांना आज मला जे उत्तर द्यावे लागते ते कायद्याच्या राज्याला शोभणारे नाही, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

ही कुटुंबे आधी वकिलाकडे येत नाहीत, ती आधी बँकेत जातात. रुग्णालयाचे बिल रोज वाढत असते, पगार किंवा निवृत्तिवेतन रुग्णाच्याच खात्यात जमा होत असते, मुदत ठेव त्याच्या एकट्याच्या नावावर असते आणि घरच्यांना त्यातला एक रुपयाही काढता येत नाही. सही करता न येणाऱ्या आजारी खातेदारांसाठी रिझर्व्ह बँकेने सोय करून ठेवलेली आहे. दोन साक्षीदारांसमोर, ज्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असला पाहिजे, हाताच्या किंवा गरज पडल्यास पायाच्या अंगठ्याचा ठसा घेऊन पैसे देता येतात. पण ही सोय हात चालत नसलेल्या, मन शाबूत असलेल्या माणसासाठी आहे. एका प्रकरणात शाखेतला अधिकारी शाईचा पॅड घेऊन रुग्णाच्या खाटेपाशी आला होता. पत्नीने नवऱ्याची आखडलेली बोटे एकेक करून सरळ केली आणि अंगठा मोकळा केला. अधिकाऱ्याने वाकून विचारले, “काका, खात्यातून पैसे काढायचे आहेत, काढू ना?” डोळे उघडे होते, पण ते कोणाकडेच पाहत नव्हते. त्याने पुन्हा विचारले, थोडा वेळ थांबला, मग पॅड बंद केला आणि म्हणाला, “काकू, मला हे करता येणार नाही. तुम्ही कोर्टाची ऑर्डर आणा.” त्या अधिकाऱ्याचे काहीही चुकले नव्हते. ज्याला काही कळत नाही त्याचा ठसा घेऊन पैसे देणे ही खातेदाराची फसवणूकच ठरली असती. मात्र कोणत्या कोर्टाची ऑर्डर, कोणत्या कायद्याखाली आणि किती दिवसांत, हे त्याला सांगता आले नाही.

माणूस मरण पावल्यावर काय करायचे हे आपल्याकडे तलाठी कार्यालयापासून बँकेच्या काउंटरपर्यंत सर्वांना पाठ आहे. मृत्यूचा दाखला, वारस नोंद, फेरफार, नामनिर्देशन, वारस प्रमाणपत्र, असा ठरलेला मार्ग आहे. माणूस जिवंत असून बोलू शकत नसेल, तर यातला एकही कागद उपयोगाचा नाही. त्याच्या नावावरच्या जमिनीचे पीककर्ज नवे करता येत नाही, घराच्या कर्जाचे हप्ते थकतात, विम्याच्या दाव्यावर सही नसते, भाडेकरार संपला तरी नवा करता येत नाही. नामनिर्देशन तर खातेदाराच्या मृत्यूनंतरच लागू होते, त्यामुळे तो जिवंत असेपर्यंत नामनिर्देशित व्यक्तीला त्या पैशांना हात लावता येत नाही. मग घरातले लोक एटीएम कार्ड आणि पिन वापरून गुपचूप पैसे काढत राहतात, रुग्णाच्या मोबाइलवर येणारा ओटीपी स्वतःच टाकतात, कधी सहीची नक्कल गिरवतात. यातले बहुतेक जण औषधपाण्यासाठीच हे करतात. पण ज्याला भावाचा हिस्सा गिळायचा आहे तोही नेमके हेच करतो, आणि दोघांमधला फरक ओळखण्याचे कोणतेही साधन कायद्याने आपल्या हातात ठेवलेले नाही.

हे साधन पूर्वी होते, ही गोष्ट मला आपल्या विशेष लक्षात आणून द्यायची आहे. मनोरुग्णांविषयीच्या १९१२ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या मानसिक आरोग्य अधिनियम, १९८७ मध्ये एक संपूर्ण प्रकरण मालमत्तेविषयी होते. मानसिक आजारामुळे स्वतःची किंवा मालमत्तेची काळजी घेऊ न शकणाऱ्या व्यक्तीबाबत जिल्हा न्यायालयाकडे अर्ज करता येत असे, न्यायालय चौकशी करून पालक किंवा मालमत्तेचा व्यवस्थापक नेमत असे, व्यवस्थापकाला मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब सादर करावा लागत असे आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय स्थावर मालमत्ता विकता येत नसे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने तो कायदा रद्द केला. नवा कायदा रुग्णाच्या हक्कांच्या दृष्टीने कितीतरी पुढारलेला आहे, उपचारांसाठी आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याची आणि प्रतिनिधी नेमण्याची सोय त्यात आहे, आणि केवळ मानसिक आजार आहे म्हणून कोणाला अस्थिर बुद्धीचे ठरवता येणार नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. पण त्याचा विषय उपचार हा आहे. मालमत्तेविषयीचे जुने प्रकरण गेले आणि त्याच्या जागी दुसरे काहीही आले नाही. नेमलेला प्रतिनिधी रुग्णाच्या उपचारांबाबत बोलू शकतो, पण त्या उपचारांचे बिल रुग्णाच्याच खात्यातून भरू शकत नाही.

उरलेले कायदे एकेक करून पाहिले तरी प्रत्येकाचा दरवाजा अर्धाच उघडतो. पालक आणि पाल्य अधिनियम, १८९० हा अज्ञानांपुरता, म्हणजे अठरा वर्षांखालील मुलांपुरता आहे. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्ह्यातली स्थानिक स्तर समिती अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी पालक नेमू शकते, आणि ही पद्धत साधी व कमी खर्चाची आहे. पण ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी पक्षाघाताने कोमात गेलेला माणूस तिच्यात बसत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्वाची कल्पना आहे आणि ती जिल्हा न्यायालयाकडे किंवा राज्याने अधिसूचित केलेल्या प्राधिकाऱ्याकडे सोपवलेली आहे. तिचा पाया मात्र पालक आणि दिव्यांग व्यक्ती यांनी परस्पर विश्वासाने मिळून निर्णय घेण्याचा आहे. जो काहीच व्यक्त करू शकत नाही त्याच्याबाबतीत हे कसे चालवायचे, याबद्दल कायद्यात फारसा तपशील नाही, आणि त्याच्या अनुसूचीतल्या विकारांत स्मृतिभ्रंशाचे नाव स्वतंत्रपणे येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२ खाली अशा व्यक्तीच्या वतीने दावा लढवता येतो, पण तो अधिकार त्या दाव्यापुरता असतो. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठीचा २००७ चा कायदा चरितार्थाची रक्कम मिळवून देतो आणि सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता परत मिळवण्याचा मार्ग देतो. ज्येष्ठाच्या वतीने व्यवहार कोणी पाहावा, हे तोही सांगत नाही.

म्हणून शेवटी उच्च न्यायालय उरते. केरळ उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये कोमातील रुग्णांसाठी कोणताच कायदा नाही हे ओळखून उच्च न्यायालयांना असाधारण अधिकार देणाऱ्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. रुग्णाची तपासणी मेंदूविकारतज्ज्ञाचा समावेश असलेल्या वैद्यकीय मंडळाने करावी, तहसीलदाराच्या दर्जाहून कमी नसलेल्या महसूल अधिकाऱ्याने प्रत्यक्ष भेट देऊन अहवाल द्यावा, सर्व कायदेशीर वारसांना याचिकेत पक्षकार करावे, मालमत्तेचा तपशील द्यावा आणि पालकाने दर सहा महिन्यांनी न्यायालयाला अहवाल सादर करावा, असा त्यांचा आशय आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ऑगस्ट २०२० मध्ये हीच वाट धरून कोमातील पतीची पालक म्हणून पत्नीला मान्यता दिली आणि देखरेख विधी सेवा प्राधिकरणाकडे सोपवली. त्याखेरीज १८६५ च्या लेटर्स पेटंटमधील, म्हणजे उच्च न्यायालयाचे अधिकार ठरवणाऱ्या ब्रिटिशकालीन राजसनदेतील, १७ व्या कलमाने मुंबई उच्च न्यायालयाला अशा व्यक्तींबाबत जो अधिकार मिळालेला आहे, त्याचाही आधार घेतला जातो. कायदा नसताना न्यायमूर्तींनी हा मार्ग काढला याबद्दल असंख्य कुटुंबे ऋणी राहतील. पण ज्या प्रश्नावर न्यायालयाला आपले असाधारण अधिकार पुन्हा पुन्हा वापरावे लागतात, तो विधिमंडळाने हाती घ्यायचा प्रश्न असतो.

असाधारण अधिकाराची वाट सामान्य माणसाला परवडत नाही. उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी गडचिरोलीच्या माणसाने नागपूरला जायचे, नंदुरबारच्या माणसाने छत्रपती संभाजीनगरला जायचे. २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच झाल्याने दक्षिण महाराष्ट्राचे अंतर कमी झाले, ही चांगली गोष्ट आहे, पण तरीही तिथे वेगळा वकील लागतो, वेगळे शुल्क लागते आणि रुग्णाला घरी एकटे टाकून तारखांना जावे लागते. ज्याच्या खात्यातले पैसे अडकले म्हणून कोर्टात जायचे, त्याच्याच घरात कोर्टात जाण्यापुरते पैसे नसतात. शहरातले, शिकलेले, मोठी मालमत्ता असलेले कुटुंब कसेबसे तिथवर पोहोचते. ज्यांची सगळी मिळकत दोन एकर जमीन आणि पोस्टातले बचत खाते एवढीच आहे, ते पोहोचत नाहीत, आणि न पोहोचलेल्यांची नोंद कोणत्याही न्यायालयाच्या दप्तरात होत नाही.

आता मुखत्यारपत्राविषयी. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या हातात कुलमुखत्यारपत्राचा नोंदणीकृत कागद असतो आणि तो पुरेसा आहे, अशी त्यांची खात्री असते. वडिलांनी चार वर्षांपूर्वी मुलीच्या नावे ते करून दिलेले असते, तेव्हा त्यांना सगळे कळत असते, कोणाची बळजबरी नसते. परंतु भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ नुसार, मुखत्यारपत्र देणारा अस्थिर बुद्धीचा झाला की मुखत्याराचा अधिकार संपतो. मुखत्याराचे स्वतःचे हितसंबंध त्या विषयात गुंतलेले असतील तरच काय तो अपवाद. म्हणजे ज्या दिवसासाठी वडिलांनी तो कागद केला, नेमक्या त्याच दिवशी तो निरुपयोगी होतो. स्मृतिभ्रंशाचे निदान आता पूर्वीपेक्षा लवकर होते. निदान झाल्यावरही काही काळ माणूस आपल्या पैशांविषयी, घराविषयी, आपण कोणावर विसंबून राहावे याविषयी स्पष्ट बोलू शकतो. त्या काळात त्याने केलेली निवड पुढे टिकणार नाही, असे सांगताना मला फार वाईट वाटते, कारण या संपूर्ण विषयात त्या माणसाच्या स्वतःच्या इच्छेइतका भक्कम पुरावा दुसरा कोणताही नसतो.

इतर देशांनी ही उणीव भरून काढलेली आहे. इंग्लंड आणि वेल्सने २००५ च्या कायद्याने, सिंगापूरने २००८ च्या कायद्याने अशी मुखत्यारपत्रे मान्य केली, जी देणाऱ्याची क्षमता गेल्यावरही चालू राहतात, मात्र त्यांची आगाऊ नोंदणी करावी लागते आणि वापरावर सरकारी कार्यालयाची नजर असते. जपानमध्ये २००० सालापासून माणूस धडधाकट असतानाच आपला भावी पालक करार करून ठरवू शकतो, आणि पालकाचे काम सुरू होते ते न्यायालयाने देखरेख करणारा माणूस नेमल्यावरच. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये आगाऊ वैद्यकीय निर्देशांना मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यांची पद्धत सोपी केली. शेवटच्या आजारात कृत्रिम श्वासयंत्र लावावे की नाही, हे आज कोणीही भारतीय आधी लिहून ठेवू शकतो. त्याच माणसाला, आपले वीजबिल आपल्या खात्यातून कोणी भरावे, हे मात्र टिकेल अशा रीतीने लिहून ठेवता येत नाही.

हा विषय केंद्राचा आहे, असे सांगून तो बाजूला ठेवला जाण्याची मला भीती वाटते, म्हणून घटनेची स्थिती नमूद करते. सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीत नोंद ७ मध्ये करार आणि अभिकर्तृत्व (दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करणे) हे विषय आहेत, आणि मानसिक आजार व मनोदौर्बल्य हा विषय नोंद १६ मध्ये आहे. दोन्हींवर राज्य विधिमंडळाला कायदा करता येतो. तो केंद्रीय कायद्याशी विसंगत ठरण्याची शक्यता असेल, तर अनुच्छेद २५४(२) प्रमाणे राष्ट्रपतींची संमती घेतल्यावर तो राज्यात लागू राहतो. करार अधिनियमाच्या कलम २०१ ला महाराष्ट्रापुरती दुरुस्ती याच मार्गाने करता येईल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिलेला अधिसूचनेचा अधिकार तर आजच राज्य शासनाच्या हातात आहे.

नव्या कायद्याचा पहिला आधार असा असावा की प्रत्येक प्रौढ व्यक्ती निर्णयक्षम आहे असे गृहीत धरले जाईल आणि उलट सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर राहील. दुसरे, आजाराच्या नावावर काहीही ठरू नये. समोरचा विशिष्ट निर्णय ती व्यक्ती समजू शकते का, त्याचे परिणाम तिला तोलता येतात का आणि आपले म्हणणे ती कोणत्याही मार्गाने, बोटाच्या इशाऱ्याने का होईना, सांगू शकते का, हे पाहिले जावे. स्मृतिभ्रंश झालेल्या आजींना सदनिकेच्या विक्रीचा करार समजणार नाही, पण आपण थोरल्या मुलाकडे राहायचे की धाकट्या मुलीकडे, हे त्या ठामपणे सांगू शकतात. पालक नेमायचा तर तो करारापुरता नेमावा. कुठे राहायचे हे आजींनीच ठरवावे. सध्या एकदा का कोणाला काही कळत नाही असे ठरले की घरातले सगळे त्याच्याशी बोलणेच सोडून देतात, आणि कायद्याने या सवयीला बळ देता कामा नये.

अर्ज जिल्हा न्यायालयात व्हावा आणि त्याची नोटीस पती किंवा पत्नी, मुले, आईवडील, भावंडे अशा सर्वांना जावी, अर्जदाराने सोयीने निवडलेल्यांना नव्हे. तपासणी जिल्हा रुग्णालयातल्या मंडळाने करावी, आणि रुग्णाला हलवता येत नसेल तर मंडळाने घरी किंवा रुग्णालयात जावे. न्यायाधीशांनी किंवा त्यांनी नेमलेल्या आयुक्ताने त्या व्यक्तीला प्रत्यक्ष पाहावे, तिच्याशी बोलण्याचा प्रयत्न करावा आणि काय आढळले ते लिहून ठेवावे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने तिच्यासाठी वेगळा वकील द्यावा, जो अर्जदाराच्या वकिलाहून स्वतंत्र असेल. हे सर्व होईपर्यंत उपचार थांबत नसतात, म्हणून अर्ज दाखल झाल्यापासून थोड्या दिवसांत तात्पुरता आदेश देण्याची सोय हवी, ज्याने ठरावीक मर्यादेपर्यंतची रक्कम रुग्णाच्या खात्यातून थेट रुग्णालयाला किंवा औषधविक्रेत्याला देता येईल.

हिशेबाच्या बाबतीत मात्र मला अधिक सविस्तर लिहिले पाहिजे, कारण पालकत्वाचा कोणताही कायदा तिथेच लंगडा पडतो. यादी द्या, वार्षिक हिशेब द्या, असे कायद्यात लिहिणे सोपे आहे. राष्ट्रीय न्यास अधिनियमातही तसे लिहिलेले आहे. प्रश्न तो हिशेब वाचतो कोण, हा आहे. कागद दाखल झाला, त्यावर शिक्का बसला आणि तो फाइलमध्ये गेला, एवढ्याने कोणाचेही संरक्षण होत नाही. प्रत्येक जिल्ह्यात हे हिशेब तपासणारा, बँकेच्या उताऱ्याशी ताडून पाहणारा आणि वर्षातून एकदा तरी न सांगता त्या घरी जाऊन रुग्णाचे अंथरूण, औषधे आणि अंगावरची जखम पाहणारा एक जबाबदार अधिकारी नेमावा लागेल. खाटेवरच्या माणसाच्या पाठीला झोपून झोपून झालेले व्रण असतील आणि हिशेबात दरमहा परिचारिकेचा पगार लिहिलेला असेल, तर जे चालले आहे ते कोणत्याही लेखापरीक्षकाआधी त्या अधिकाऱ्याला कळेल. याखेरीज पालकाने त्या व्यक्तीचा पैसा वेगळ्याच खात्यात ठेवावा. स्थावर मालमत्तेची विक्री, गहाण किंवा बक्षीसपत्र न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय अवैध ठरावे. पालकाला ती मालमत्ता स्वतः किंवा आपल्या नातेवाइकाच्या नावाने घेता येऊ नये, आणि मृत्युपत्र तर पालकाला करताच येऊ नये. पालकत्वाच्या आदेशांची राज्यस्तरावर नोंदवही असावी, जी दुय्यम निबंधकाला आणि बँकेला व्यवहाराआधी तपासता येईल.

पालकत्वात शिरण्याइतकेच त्यातून बाहेर पडणेही सोपे असले पाहिजे. अमेरिकेतील गायिका ब्रिटनी स्पिअर्स २००८ पासून नोव्हेंबर २०२१ पर्यंत अशाच न्यायालयीन व्यवस्थेखाली राहिली. त्या काळात ती जगभर कार्यक्रम करून पैसा मिळवत होती, पण स्वतःच्या पसंतीचा वकील नेमण्याची परवानगी तिला मिळाली ती थेट जुलै २०२१ मध्ये. एवढ्या प्रसिद्ध आणि श्रीमंत व्यक्तीची ही स्थिती असेल, तर आपल्याकडच्या एखाद्या तालुक्यात, वाटणीच्या वादात बहिणीला ‘वेडी’ ठरवून भाऊ पालक होऊन बसला, तर तिची दाद कोण घेणार? म्हणून प्रत्येक आदेशाला मुदत असावी, मुदत संपल्यावर फेरतपासणीशिवाय तो पुढे चालू नये, आणि त्या व्यक्तीने साध्या कागदावर केलेला, किंवा तिच्या वतीने शेजाऱ्याने, आशा सेविकेने किंवा डॉक्टरने केलेला अर्ज न्यायालयाने फेरतपासणीसाठी दाखल करून घ्यावा. मेंदूला इजा झालेली काही माणसे वर्षभराने सावरतात. सावरलेल्या माणसाला स्वतःच्या पैशांसाठी पालकाची परवानगी मागावी लागणे हा त्याच्यावरचा दुसरा आघात आहे.

दिव्यांग हक्कांच्या चळवळीतील काही मंडळींचा अशा कोणत्याही कायद्याला विरोध असतो, आणि तो मी गांभीर्याने घेते. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारनाम्याला भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली. त्याचा अनुच्छेद १२ प्रत्येक दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमता आहे असे मानतो, आणि दुसऱ्याने तिच्या जागी निर्णय घेण्याऐवजी तिला निर्णय घेण्यासाठी साहाय्य द्यावे, असा त्याचा रोख आहे. पेरूने २०१८ मध्ये आपला कायदा त्या दिशेने बदलला. जर्मनीने त्याच्याही कितीतरी आधी, १ जानेवारी १९९२ पासून, प्रौढांचे जुने पालकत्व बंद करून गरजेपुरत्या साहाय्याची पद्धत आणली. माझ्या मते साहाय्याचा मार्ग जिथे शक्य आहे तिथे न्यायालयाने पालक नेमूच नये, आणि कायद्यात हे बंधन स्पष्ट असावे. परंतु ज्याच्याकडून कोणताही संकेत मिळत नाही, त्याला साहाय्य करायचे म्हणजे शेवटी कोणीतरी त्याच्या वतीने सही करणे आलेच. ती सही आजही होते, फक्त तिच्यावर कोणाचीही देखरेख नाही. अशा सहीसाठी नियम असावा, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि सही करणाऱ्याने आपल्याला काय सोयीचे आहे ते न पाहता, त्या माणसाने शुद्धीवर असताना काय पसंत केले असते, त्याचा शोध घ्यावा. त्याच्या सवयी, त्याने पूर्वी केलेला खर्च, त्याने ज्यांना मदत केली ती माणसे, या सर्वांतून ते बऱ्याच अंशी कळते.

ज्यांना कोणीच नाही अशा लोकांचा विचार सर्वांत कमी होतो. मुले परदेशी असलेली वृद्ध स्त्री, लग्न न केलेला निवृत्त शिक्षक, रस्त्यावर बेशुद्ध सापडलेली आणि ओळख पटल्यावर जिच्या नावावर घर निघाले अशी व्यक्ती, यांच्यासाठी अर्ज करायलाच कोणी पुढे येत नाही. केरळच्या मार्गदर्शक तत्त्वांत जवळचा नातेवाईक नसल्यास समाजकल्याण खात्यातील अधिकाऱ्यासारख्या लोकसेवकाला नेमण्याचा विचार आहे. आपल्या कायद्यात त्याहून पुढे जाऊन प्रत्येक जिल्ह्यासाठी एक सार्वजनिक पालक असावा, त्याला पुरेसा कर्मचारीवर्ग असावा, आणि वृद्धाश्रमांच्या चालकांना तिथल्या रहिवाशांचे पालक होण्यास मनाई असावी.

मुखत्यारपत्राची तरतूद याच कायद्यात घ्यावी. नोंदणी दुय्यम निबंधकासमोर व्हावी, देणाऱ्याची त्या दिवशीची निर्णयक्षमता डॉक्टरने प्रमाणित करावी, जवळच्या नातेवाइकांपैकी किमान दोघांना त्याची माहिती दिली जावी, आणि क्षमता असेपर्यंत ते केव्हाही रद्द करता यावे. अशी मुखत्यारपत्रे रूढ झाली तर न्यायालयात यावे लागणाऱ्या कुटुंबांची संख्या आपोआप घटेल.

येत्या अधिवेशनात आपण तीन गोष्टी कराव्यात, ही माझी विनंती आहे. शासनाने या विषयावर विधेयक आणावे यासाठी लक्षवेधी सूचना मांडावी, आणि शासन पुढे आले नाही तर अशासकीय विधेयक दाखल करावे. मसुदा तयार होताच तो मराठीत प्रसिद्ध करून जिल्हा वकील संघ, मेंदूविकार व मनोविकारतज्ज्ञ, बँका, दिव्यांगांच्या संघटना आणि रुग्णांची कुटुंबे यांच्याकडून हरकती व सूचना मागवाव्यात, आणि संयुक्त समितीने त्यांपैकी काही कुटुंबांचे म्हणणे जिल्ह्यांत जाऊन ऐकावे. तोपर्यंत दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम १४ खालील अर्ज जिल्ह्यात कोणाकडे, कोणत्या नमुन्यात आणि कोणत्या कागदपत्रांसह करायचे, याचे परिपत्रक शासनाने काढावे आणि ते प्रत्येक तहसील कार्यालयात, जिल्हा रुग्णालयात व विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात लावावे. या परिपत्रकाला विधेयकाची, राष्ट्रपतींच्या संमतीची किंवा नव्या निधीची वाट पाहावी लागणार नाही.

आपली नम्र,
जिल्हा न्यायालयात दिवाणी वकिली करणारी एक नागरिक